पित्तनलिकांच्या पुटींचे वर्गीकरण

यकृतात तयार होणारे पित्त लहान आतड्यापर्यंत नेणाऱ्या नलिकांच्या, बहुधा जन्मजात असलेल्या, फुगवट्याला पित्तनलिका-पुटी (कोलेडोकल सिस्ट) म्हणतात. फुगवटा नलिकेच्या कोणत्या भागात आहे यावर शस्त्रक्रिया ठरत असल्याने त्याच्या वर्गीकरणाला महत्त्व आहे. अलोन्सो-लेज व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये तीन प्रकार मांडले. तोदानी व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये यकृतातील नलिकांचाही विचार करून ते पाच केले आणि आज हेच वर्गीकरण रूढ आहे.

यकृताबाहेरील मुख्य नलिकाच फुगलेली असेल तर तो पहिला प्रकार होय. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारात मोडतात. त्यांच्यापैकी अनेकांत पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका आतड्याच्या भित्तीबाहेरच एकत्र येतात, त्यामुळे स्वादुरस उलट पित्तनलिकेत शिरून तिचे अस्तर दीर्घकाळ दुखावतो, आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. पूर्वी पुटी जागीच ठेवून ती आतड्याला जोडत असत. परंतु मागे उरलेल्या अस्तरात कर्करोग उद्भवत असल्याचे दिसून आल्यावर ही पद्धत मागे पडली. आता पित्ताशयासह पुटी काढून टाकतात आणि यकृतातून बाहेर येणारी नलिका लहान आतड्याच्या वळवून आणलेल्या भागाला जोडतात.

दुसऱ्या प्रकारात नलिकेच्या बाजूला पिशवी लोंबते. बहुधा ती छाटली की काम भागते. तिसऱ्यात नलिकेचे टोक आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, आत फुगते, आणि लहान फुगवट्यासाठी दुर्बिणीतून त्याचे तोंड कापून रुंद करणे अनेकदा पुरते. चौथ्या प्रकारात पुटी अनेक असतात: ‘४-अ’मध्ये यकृताच्या आत व बाहेर, ‘४-ब’मध्ये फक्त बाहेर. केवळ यकृतातील नलिका फुगल्या तर पाचवा प्रकार, म्हणजेच कॅरोली रोग. विकृती एका खंडापुरती असल्यास तो खंड काढतात, सर्वत्र पसरली असल्यास यकृत-प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

हे क्रमांक तीव्रतेचे नाहीत, जागेचे आहेत. शिवाय पहिला प्रकार व ‘४-अ’ यांतील सीमा पुसट आहे, कारण यकृतातील सौम्य फुगवटा हा केवळ अडलेल्या पित्ताच्या दाबाचा परिणाम असू शकतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो ओसरतोही. कॅरोली रोगाचे मूळ तर गर्भावस्थेत यकृतातील नलिकांच्या घडणीत राहिलेल्या दोषात असते. त्यामुळे हे पाचही प्रकार एकाच आजाराचे मानण्यावर काही शल्यचिकित्सकांनी आक्षेप घेतला आहे.