न्याहारीचे सिरिअल : आरोग्यदृष्ट्या निवड

गहू, मका, तांदूळ, ओट, बार्ली यांसारख्या धान्यांवर कारखान्यात संस्कार करून, घरी मुळीच न शिजवता किंवा अगदी थोडे शिजवून दुधाबरोबर खाता येईल अशा रूपात विकल्या जाणाऱ्या पदार्थांना सिरिअल म्हणतात. हा शब्द सेरेस या रोमन धान्यदेवतेच्या नावावरून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘धान्यविषयक’ एवढाच होता. न्याहारीचा तयार पदार्थ हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चिकटला. फ्लेक्स, फुगवलेले दाणे, कोंड्याच्या काड्या, म्यूस्ली, ग्रॅनोला आणि चपटे केलेले ओट हे त्याचे परिचित प्रकार होत. त्यांची योग्यायोग्यता ठरवताना धान्य कोणते यापेक्षा त्या धान्याचे कारखान्यात काय झाले याला अधिक महत्त्व द्यावे लागते, आणि त्यासाठी या पदार्थाचा इतिहास थोडा पाहणे आवश्यक ठरते.

न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे जलोपचार करणारे जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठापासून केलेला ‘ग्रॅन्युला’ हा या वर्गातील पहिला पदार्थ मानला जातो. तो दोनदा भाजून फोडलेला असे व इतका कठीण असे की, रात्रभर भिजत घातल्यावाचून खाता येत नसे. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे प्रमुख जॉन हार्वी केलॉग यांनी पुढे तशाच एका पदार्थाला तेच नाव दिले आणि जॅक्सन यांच्या आक्षेपानंतर ते बदलून ‘ग्रॅनोला’ केले, असे सांगितले जाते. आजचा तेल व मध घालून भाजलेला ग्रॅनोला हा मात्र नावापुरताच त्याचा वारस आहे.

फ्लेक्सच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. शोधाचे वर्ष सामान्यतः १८९४ धरतात. शिजवलेला गहू काही कारणाने तसाच राहिला, तो शिळा झाल्यावर रुळांतून काढला असता सलग पापुद्र्याऐवजी प्रत्येक दाण्याची वेगळी पापडी निघाली, हा कथाभाग बहुतेक वृत्तांतांत समान आहे. पण ही कल्पना मुळात कोणाची, याबाबत जॉन हार्वी आणि त्यांचे धाकटे बंधू विल्यम कीथ यांच्या कथनांत मेळ नाही. थोरल्या बंधूंनी ती आपल्याला स्वप्नात सुचल्याचे सांगितले, तर प्रत्यक्ष रात्रपाळ्या करून प्रयोग तडीस नेल्याचा दावा धाकट्यांच्या बाजूने केला गेला. जॉन हार्वी यांच्या पत्नी एला ईटन यांच्या प्रयोगशील स्वयंपाकघराचा वाटाही काही अभ्यासक महत्त्वाचा मानतात. याशिवाय हेन्री पर्की यांनी गव्हाचे तंतू काढणाऱ्या यंत्राचे एकस्व (पेटंट) १८९३ मध्येच मिळवले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. फ्लेक्सच्या एकस्वाचा अर्ज ३१ मे १८९५ रोजी एकट्या जॉन हार्वी यांच्या नावे झाला आणि १४ एप्रिल १८९६ रोजी ते मंजूर झाले. तथापि एकस्वावरील नाव हा शोधकर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे, आणि हे काम आरोग्यधामातील अनेकांच्या हातून झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तांत्रिकदृष्ट्या खरा शोध रुळांचा नसून मुरवण्याचा होता: शिजवलेले दाणे काही काळ ठेवल्याने त्यांतील ओलावा सर्वत्र सारखा होतो आणि दाबल्यावर दाणा न फुटता पसरतो.

मूळचे फ्लेक्स संपूर्ण गव्हाचे होते. मक्याकडे वळताना मात्र एक अडचण आली. मक्याच्या अंकुरात तेल बरेच असल्याने पीठ लवकर खवट होते. म्हणून कोंडा व अंकुर काढून उरलेल्या कण्या वापरण्याची रीत पडली. अशा रीतीने टिकाऊपणासाठी तंतू, ब जीवनसत्त्वे आणि स्निग्धांश गमावले गेले. विल्यम कीथ यांनी १९०६ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली तेव्हा कण्यांना माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), साखर आणि मीठ यांची चव देण्यात येत होती, आणि साखरेला थोरल्या बंधूंचा विरोध होता. बाहेरून साखरेचा लेप दिलेली सिरिअले १९३९ पासून आढळतात. १९५० च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी ती मुलांसाठी म्हणून बाजारात आणली. रुग्णांच्या पथ्याचा पदार्थ अर्ध्या शतकात मिठाईच्या जवळ गेला, तो असा. याच काळाच्या आरंभी, सुमारे १९०० मध्ये, झुरिक येथील वैद्य माक्सिमिलिआन बिर्खर-बेनर यांनी म्यूस्ली रूढ केली. तिच्यात किसलेले कच्चे सफरचंद मुख्य असून भिजवलेले ओट जेमतेम चमचाभर असत. आजच्या पाकिटातील प्रमाण याच्या नेमके उलट आहे.

धान्याच्या पूर्ण दाण्यात कोंडा, अंकुर आणि पिष्टमय गाभा असे तीन भाग असतात. गव्हात गाभा सुमारे चार पंचमांश असतो. हे तिन्ही भाग मूळ प्रमाणात असतील तरच ‘संपूर्ण धान्य’ म्हणता येते. ‘बहुधान्य’ या शब्दाने केवळ धान्यांची संख्या कळते. परंतु तिन्ही भाग असूनही दाण्याची घडण मोडलेली असू शकते. उच्च दाब व उष्णतेखाली पीठ साच्यातून बाहेर ढकलण्याच्या बहिःसारण पद्धतीत, तसेच दाणे दाबाखाली तापवून एकदम मोकळे करून फुगवण्याच्या पद्धतीत पिष्ट पूर्णपणे फुलते आणि पचनात त्याचे ग्लुकोज झपाट्याने होते. पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील ग्लुकोज किती वाढते हे दाखवणाऱ्या ग्लायसेमिक निर्देशांकाच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत शुद्ध ग्लुकोज १०० धरल्यास कॉर्नफ्लेक्सचा सरासरी निर्देशांक सुमारे ८१, चपट्या ओटच्या लापशीचा ५५, तर झटपट शिजणाऱ्या ओटच्या लापशीचा ७९ येतो. शेवटच्या दोन आकड्यांत धान्य एकच आहे. फरक आहे तो पापडीच्या जाडीचा आणि आधी केलेल्या शिजवणीचा. म्हणून कापलेले किंवा जाड चपटे ओट आणि न गोडवलेली म्यूस्ली यांना पसंती देणे सयुक्तिक ठरते. ओट व बार्ली यांतील बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू दररोज ३ ग्रॅ. पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, असा दावा वेष्टनावर करण्यास अमेरिकेत ओटबाबत १९९७ पासून परवानगी आहे.

वेष्टनावरील पोषणतक्ता वाचताना १०० ग्रॅ.चा रकाना पाहावा. ‘एका वेळच्या’ वाढपाचा आकडा फसवा असतो, कारण हलक्या फुगवलेल्या दाण्यांची वाटी १५ ग्रॅ.ची, तर ग्रॅनोलाची तेवढीच वाटी कितीतरी जड भरते. ब्रिटनमधील रंगसंकेत पद्धतीत १०० ग्रॅ.मागे साखर ५ ग्रॅ.पर्यंत कमी आणि २२.५ ग्रॅ.हून जास्त असल्यास अधिक मानतात. मिठासाठी हेच आकडे ०.३ व १.५ ग्रॅ. आहेत. तक्त्यात मिठाऐवजी सोडियम दिले असेल तर त्याला २.५ ने गुणावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करा (वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक व फळांचा रस यांतील साखर) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस केली. २,००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅ. होतात. ३५ टक्के साखर असलेल्या सिरिअलचे ३० ग्रॅ. खाल्ले, तर त्यांतील १०.५ ग्रॅ. न्याहारीतच संपतात. (प्रत्यक्षात लोक ३० ग्रॅ.वर क्वचितच थांबतात.)

साखरेच्या एकूण आकड्यातही एक मेख आहे. म्यूस्लीतील मनुका व खजूर यांची नैसर्गिक साखर त्यात मोजली जाते, पण अख्ख्या फळातील असल्याने ती मुक्त शर्करा ठरत नाही; उलट मध आणि फळांचा आटवलेला रस हे घटक कितीही नैसर्गिक वाटले तरी मुक्त शर्कराच होत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देतात. साखर, ग्लुकोज पाक, मध आणि माल्ट अर्क अशी विभागणी केल्यास त्यांतील प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो आणि धान्य पहिले दिसते, म्हणून त्यांची मनात बेरीज करावी.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार १०० ग्रॅ.मागे ६ ग्रॅ. तंतू असल्यास ‘तंतूंनी समृद्ध’ म्हणता येते. कर्बोदकांच्या किमान एक दशांश तंतू असावेत, हा संपूर्ण गव्हातील प्रमाणावर आधारलेला दुसरा एक ठोकताळा असून तो सोपा आहे. मात्र इन्युलिनसारखा तंतू वेगळा काढून मिसळलेला असेल तर हा ठोकताळा फसतो.

जीवनसत्त्वे व लोह यांची भर घालण्याची प्रथा जुनी असली, तरी १९७० मध्ये ग्राहकहिताचे पुरस्कर्ते रॉबर्ट चोट यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे ६० सिरिअलांपैकी ४० चे पोषणमूल्य नगण्य असल्याचे मांडल्यावर ती वाढली. उष्णतेने नष्ट होणारी जीवनसत्त्वे भाजल्यानंतर फवारली जातात. लोह पुष्कळदा शुद्ध धातूच्या भुकटीच्या रूपात असते, ते चुंबकाला चिकटते आणि फेरस सल्फेटच्या तुलनेत कमी शोषले जाते. ज्यांच्या आहारात फोलिक अॅसिड किंवा लोह कमी पडते त्यांना ही भर उपयोगी आहे. परंतु कोंडा व अंकुर यांतून गेलेल्या सर्वच द्रव्यांची ती भरपाई नव्हे.

भाजण्याच्या क्रियेत अॅक्रिलामाइड हे अपायकारक ठरू शकणारे द्रव्य तयार होते व त्यासाठी युरोपीय संघाने सिरिअलांना धान्यानुसार किलोग्रॅममागे १५० ते ३०० मायक्रोग्रॅ. असे मानदंड ठरवले आहेत. गहू, बार्ली यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे ज्यांच्या आतड्याला इजा होते अशा सिलिअॅक रोग्यांच्या बाबतीत मका किंवा तांदूळ हे मुख्य धान्य पाहून भागत नाही. चवीसाठी घातलेला माल्ट अर्क बहुधा बार्लीचा असल्याने त्यातून ग्लुटेन येते, आणि ओटमध्येही शेतात वा गिरणीत गव्हाची भेसळ होऊ शकते. ग्लुटेनमुक्त म्हणण्यासाठी ते किलोग्रॅममागे २० मिग्रॅ.हून अधिक असता कामा नये.