नॉक्स सेन्सरला अमोनिया ओळखता येत नाही

'स्कॅनर लावला. कॅटॅलिस्ट गेलाय म्हणतोय.' बीएस-६ ट्रकच्या मालकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं, आणि त्यापाठोपाठ येणारा खर्चाचा आकडा ऐकून तो मटकन खाली बसतो. स्क्रीनवर कोड असतो पी२०ईई. गंमत अशी की स्कॅनर तसं काही म्हणतच नसतो. धुरातलं नॉक्स हे प्रदूषक कमी करण्याची कॅटॅलिस्टची (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) क्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली, एवढाच त्या कोडचा अर्थ. का गेली, हे त्याला ठाऊक नसतं. थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून कुणी फुप्फुस बदलायला निघत नाही. इथे मात्र निघतात.

आधी थोडी उजळणी. इंजिनातल्या प्रचंड तापमानाला हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स, तयार होतात. एप्रिल २०२० पासून जड वाहनांसाठी ही मर्यादा दर किलोवॉट-तासामागे ३.५ ग्रॅमवरून ०.४ च्या आसपास आली. म्हणून धुराच्या नळीत डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) फवारतात. ड्रायव्हरमंडळी त्याला सरळ 'युरिया' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे: ३२.५ टक्के युरिया, बाकी क्षारमुक्त पाणी. (काहींचा समज असतो तसं ते डुकराचं मूत्र नाही, आणि ते डिझेलच्या टाकीतही ओतायचं नसतं. चुकून ओतलंच, तर चावीला हात लावू नका.) धुराच्या उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो. कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागावर अमोनिया आणि नॉक्स भेटतात आणि शेवटी उरतात नायट्रोजन आणि वाफ.

हे काम नीट होतंय का, हे कॉम्प्युटर कसं ठरवतो? एक नॉक्स सेन्सर कॅटॅलिस्टच्या आधी असतो, दुसरा नंतर. पहिला ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग) दाखवतोय आणि दुसरा ५०, तर क्षमता ९० टक्के. सगळा निकाल या वजाबाकीवर. आता खरा प्रश्न असा, की ज्या दुसऱ्या आकड्यावर एवढा भरवसा टाकला, तो येतो कुठून?

हा सेन्सर झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा असतो. सुमारे ८०० अंश सेल्सियसला तापवलं की या सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात, आणि व्होल्टेज लावून ऑक्सिजन अक्षरशः पंपासारखा बाहेर काढता येतो. आत दोन छोट्या खोल्या असतात. डिझेलच्या धुरात मुळातच भरपूर ऑक्सिजन उरलेला असतो. पहिली खोली तो जवळजवळ सगळा उपसून टाकते. उरलेला वायू दुसऱ्या खोलीत गेला की तिथल्या इलेक्ट्रोडवर नायट्रिक ऑक्साइड फुटतं: नायट्रोजन वेगळा, ऑक्सिजन वेगळा. हा नव्याने सुटलेला ऑक्सिजन बाहेर काढताना जो इवलासा विद्युतप्रवाह वाहतो, त्यावरून नॉक्स किती ते काढायचं. म्हणजे सेन्सर नॉक्स मोजतच नाही. त्यातून सुटलेला ऑक्सिजन मोजतो.

आणि नेमका इथेच तो फसतो. कॅटॅलिस्टमधून न वापरलेला अमोनिया निसटून आला, तर त्या भट्टीसारख्या खोलीत तो जळतो. जळून काय होतं? ४NH₃ + ५O₂ → ४NO + ६H₂O. तेच नायट्रिक ऑक्साइड! पुढच्या खोलीला ते कुठून आलं याचा पत्ताच नसतो. परिणामी डीईएफ कमी पडलं तरी नॉक्सचा आकडा वाढतो आणि जास्त पडलं तरी वाढतो. दोन उलट बिघाड, कोड एकच. त्यात कॉम्प्युटरने 'नॉक्स वाढलंय' असं समजून डोस वाढवला, की आगीत तेल. (बऱ्याच गाड्यांत शेवटी उरलासुरला अमोनिया नष्ट करणारा थर असतो, पण डोस फारच वाढला तर तोही पुरत नाही.)

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. इंजिन गरम, गाडी स्थिर भारावर. अशा वेळी स्कॅनरवरून डीईएफ बंद करायचं आणि मागच्या सेन्सरवर नजर ठेवायची. आकडा ताबडतोब चढू लागला, तर अमोनिया आधीच अपुरा होता. आधी खाली आला, थोडा वेळ तिथेच रेंगाळला आणि मग चढला, तर डोस जादा होता: निसटणारा अमोनिया थांबला आणि कॅटॅलिस्टने पोटात साठवलेला काही काळ पुरला. साठा संपल्यावर दोन्ही सेन्सर जवळपास सारखं दाखवायला हवेत. नाही दाखवले, तर संशयित कॅटॅलिस्ट नाही, सेन्सर आहे.

अमोनिया अपुरा निघाला तर पुढचं सोपं. इंजेक्टर काढून मापाच्या भांड्यात फवारा सोडायचा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडायचा. टोकावर पांढरी पापडी दिसली तर गाडी गर्दीत रेंगाळत चालते, धूर २०० अंशांच्या वर पुरेसा जात नाही. डीईएफचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवात प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण सांगणाऱ्या उपकरणावर) ठेवला की पातळ आहे का ते कळतं.

भेसळ मात्र या थेंबात दिसत नाही. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून प्रमाण ३२.५ टक्के जमवलं, की टाकीतला ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सरही त्याला पास करतो. आपल्याकडे २०१५ पासून या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, म्हणजे ते तेलही टाकीत जातं. त्यात बाययुरेट ही युरिया तापल्यावर तयार होणारी अशुद्धीही दीड टक्क्यापर्यंत चालते, डीईएफमध्ये मर्यादा ०.३ टक्के. शिवाय अनुदानाचं खत ट्रकमध्ये ओतणं हा गुन्हाच. 'युरियाची कटकट कायमची बंद' करून देणारी इलेक्ट्रॉनिक डबी तर सेन्सरचे खोटे आकडे कॉम्प्युटरला पुरवते, नॉक्स नळीतून जसंच्या तसं बाहेर पडतं. त्याला दुरुस्ती म्हणणाऱ्यांना काय म्हणावं!

काही बिघाड तर निव्वळ घाईचे असतात. चावी बंद केल्यावरही पंप काही वेळ चालू राहून नळ्यांतलं डीईएफ टाकीत परत ओढतो. ड्रायव्हरने उतरताउतरता बॅटरीचा मेन स्विच पाडला, तर ते आतच सुकून खडे होतात, आणि नंतर दाब कमी असल्याचा पी२०ई८ कोड येतो. तेव्हा पंप बदलायच्या आधी ड्रायव्हरला विचारावं, स्विच कधी पाडता?