वृद्धाश्रमातील हेळसांडीची तक्रार: बेळगाव जिल्ह्यात अर्ज कोठे व कसा करावा

वृद्धाश्रमात ठेवलेल्या माणसाची आबाळ होत असल्याची शंका आली, की प्रांताधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज देणे साहजिक वाटते; परंतु 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील तेथील न्यायाधिकरण मुलांकडून व नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे, आश्रमचालकाला जाब विचारण्यासाठी नव्हे. आश्रमाविरुद्धची तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी आणि तिची प्रत जिल्हाधिकारी, तसेच दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याच्या जिल्हा कार्यालयाला द्यावी.

कारण न सांगता येणारे वळ, पाठीला पडलेल्या जखमा, झपाट्याने उतरलेले वजन, महिना उलटूनही न संपलेल्या गोळ्या आणि भेटीच्या वेळी क्षणभरही बाजूला न होणारा कर्मचारी, यांपैकी काहीही दिसल्यास तारीख घालून टिपून ठेवावे. संध्या सुरक्षा पेन्शनचे पासबुकही मागून पाहावे, कारण पैशांची लूट अंगावर दिसत नाही.

अर्जासोबत वयाचा पुरावा, छायाचित्रे, सरकारी दवाखान्यातील तपासणीचे कागद आणि मुख्य म्हणजे प्रवेशाचा करारनामा व पैसे भरल्याच्या पावत्या जोडाव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 नुसार, असहाय व्यक्तीची देखभाल करण्यास कायदेशीर कराराने बांधलेल्याने ती जाणूनबुजून टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. करारच हाती नसेल तर हे कलम लावणे अवघड जाते, आणि नेमका हाच कागद बहुतेक घरांत सापडत नाही. हा गुन्हा अदखलपात्र असल्याने तपासासाठी पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

अर्ज मराठीत लिहिता येतो. गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 350 ने दिला आहे. तरीही सोबत कन्नड प्रत जोडल्यास कागद टेबलावर अडून राहत नाही, हा व्यवहार. पोच घेताना आवक क्रमांक व शिक्का पाहून घ्यावा.

जिवाला धोका असेल तर अर्जाची वाट न पाहता 112 वर, सल्ल्यासाठी 14567 या ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनीवर आणि कायदेशीर मदतीसाठी 15100 वर फोन करावा. आश्रम बदलण्याचा खर्च मुले उचलत नसतील, तर मात्र न्यायाधिकरणाकडे जावे. निपाणीकरांसाठी ते चिक्कोडीला आहे. अर्जदाराचे वय 60 पूर्ण असावे, मात्र मुलांविरुद्ध अर्ज करणाऱ्या आई-वडिलांना ही वयाची अट नाही; अर्जदाराला स्वतः जाणे शक्य नसल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते.