त्सदाका आणि गमिलूत हसादीम

त्सदाका आणि गमिलूत हसादीम : ज्यू धर्मपरंपरेतील परोपकाराच्या दोन संज्ञा. त्सदाका म्हणजे गरजूला द्यावयाचे, कर्तव्य मानलेले दान. गमिलूत हसादीम म्हणजे स्वतः झिजून केलेले साह्य : आजाऱ्याची विचारपूस, प्रेताला मूठमाती, गरीब वधूचे लग्न लावून देणे, शोकग्रस्ताचे सांत्वन, बिनव्याजी उसनवार. त्सदाका हा शब्द ‘त्सेदेक’ (न्याय) या हिब्रू शब्दाच्याच धातूपासून आलेला आहे. त्यामुळे ‘दया’ किंवा ‘भिक्षा’ हे त्याचे भाषांतर अपुरे पडते. बायबलच्या जुन्या स्तरांत त्याचा अर्थ मुख्यतः नीतिमत्ता असा असून दान हा अर्थ उत्तरकालीन दिसतो.

दोहोंतील भेद बॅबिलोनी तालमूदच्या (रब्बी म्हणजे ज्यू धर्मपंडित यांच्या चर्चांच्या संग्रहाच्या) सुक्का प्रकरणात (४९ ब) सांगितला आहे. त्सदाका पैशाने होते, गमिलूत हसादीम पैशाने आणि देहानेही; पहिली गरिबासाठी, दुसरी गरीब-श्रीमंत दोघांसाठी; पहिली जिवंतांसाठी, दुसरी मृतांसाठीही. म्हणून दुसरी श्रेष्ठ. मिश्ना या रब्बींच्या धर्मनियमसंग्रहानुसार (पेआ प्रकरण, १:१) तिला कमाल मर्यादा नाही. उलट त्सदाकासाठी मिळकतीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक उधळू नये, असा गॅलिलीतील उशा येथील रब्बींचा दंडक तालमूदमध्ये उद्‌धृत आहे. तो बहुधा इ. स. दुसऱ्या शतकातील असावा.

संघटित दानव्यवस्थेचा आरंभ विवाद्य आहे. मिश्नामध्ये (पेआ ८:७) दोन योजना आढळतात : ‘तमहुई’ हे रोजच्या अन्नाचे ताट आणि ‘कुप्पा’ ही आठवड्याची पेटी. दोन वेळचे अन्न असलेल्याने ताटातून घेऊ नये, चौदा वेळचे असलेल्याने पेटीतून घेऊ नये. पेटीची वसुली दोघांनी आणि वाटप तिघांनी करावे. या योजना जेरूसलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळी (इ. स. ७० पूर्वी) होत्या, असे जुन्या पिढीतील काही संशोधक मानीत. त्यासाठी मंदिरातील ‘गुप्त कक्षा’चा आधार दिला जाई. पापभीरू लोक तेथे गुपचूप देत आणि कुलीन गरीब गुपचूप घेत (शकालीम ५:६). परंतु हा उल्लेखही मिश्नातलाच, म्हणजे मंदिर पडल्यानंतर शतकाहून अधिक काळाने संकलित झालेला आहे. शिवाय त्यात वाटप करणारा अधिकारी कोठेच नाही. त्यामुळे कुप्पा व तमहुई ही रब्बींच्या काळातील घडण, आणि आरंभी काही अंशी आदर्शचित्र, हे अलीकडचे मत अधिक ग्राह्य वाटते. आशिया मायनरमधील ॲफ्रोडिसियसच्या ग्रीक शिलालेखातील (प्रकाशन १९८७) ‘पातेला’ (ताट) हा शब्द त्याच्या पहिल्या संपादकांनी तमहुईशी जोडला. पण वाचन आणि काळ दोन्ही वादग्रस्त असून लेख तिसऱ्या शतकापासून पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत कोठेही ठेवला जातो. ज्यूंमध्ये कोणी भीक मागत नाही, असे म्हणणाऱ्या रोमन सम्राट जूलियनच्या पत्राचा (सु. ३६२) अस्सलपणाही शंकास्पद ठरविला गेला आहे.

पुढे पेटीचे स्वरूप करासारखे झाले. वसुली करणारा ‘गब्बाई’ प्रसंगी गहाणही घेऊ शके (तालमूद, बाबा बात्रा प्रकरण, ८ ब). दारोदार फिरणाऱ्या भिकाऱ्याला पेटीतून थोडेच द्यावे, असा निर्णय आहे (९ अ). पेटीमुळे दारचे देणे संपले नव्हते, हे यावरून उघड होते. बाराव्या शतकात मायमॉनिडीझ या ज्यू धर्मशास्त्रकाराने कुप्पा नसलेली ज्यू वस्ती पाहिली वा ऐकली नसल्याचे लिहिले. तमहुईची प्रथा मात्र सर्वत्र नव्हती. त्याने सांगितलेल्या दानाच्या आठ पायऱ्यांत कर्ज, भागीदारी वा काम देऊन माणसाला उभे करणे सर्वांत वरचे आहे. खरे पाहता हे गमिलूत हसादीमच होय. ते दानाच्या शिडीवर बसविल्याने दोन संज्ञांतील रेघ पुसट होते.

उत्तरकाळात व्यक्तिगत साह्याच्याही संस्था झाल्या. मृताकडून परतफेड संभवत नसल्याने प्रेतसंस्कार हे ‘खरे उपकार’ (हेसेद शेल एमेत) मानले जातात. ते करणारी हेव्रा कदीशा ही मंडळी प्राग येथे १५६४ मध्ये स्थापन झाली. बिनव्याजी कर्जाच्या निधीला ‘गमाख’ म्हणतात; हे गमिलूत हसादीमचेच आद्याक्षरी रूप. आज लग्नाचे कपडे, पाळणे, औषधेही उसनी देणारे गमाख आढळतात.

भारतात कोकण-मुंबईच्या बेने इस्राएल समाजात प्रार्थनामंदिराच्या (बोलीत मशिदीच्या) खजिनदाराला गब्बाईच म्हणत. मुंबईतील या समाजाची शाळा १८७५ मधील. पुढे तिला एली कदूरी यांचे नाव मिळाले. पुण्याचे ससून रुग्णालय (१८६७) बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले, आणि ते प्रारंभापासून समाजाबाहेरच्यांसाठीही होते.