समुद्रात सांडलेलं रसायन जातं कुठे?

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. त्यांपैकी १३ धोकादायक मालाचे, आणि त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला होता: तेलाभोवती तरंगता बांध, म्हणजे बूम, घालतात, मग रसायनाभोवती का घालत नाहीत?

बूम चालतो, कारण तेल तरंगतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही. रसायनांचं मात्र प्रत्येकाचं वागणं निराळं. ते ओळखण्यासाठी युरोपातल्या देशांनी केलेलं वर्गीकरण मला फार आवडतं. पदार्थाची तीन मापं घ्यायची: घनता, विद्राव्यता (पाण्यात किती विरघळतो) आणि बाष्पदाब (वाफ होऊन उडण्याचा कल). समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, त्याहून जड आणि न विरघळणारा पदार्थ तळाशी जातो. हलका असेल तर तरंगतो. पण तरंगणाऱ्या द्रवाचा बाष्पदाब ३ किलोपास्कलच्या वर असेल, तर तो थोड्या वेळात हवेत उडून जातो. ०.३ ते ३ च्या दरम्यान असेल तर तो तरंगतोही आणि उडतोही. विद्राव्यता ५ टक्क्यांच्या पुढे गेली की पदार्थ पाण्यात मिसळलाच म्हणून समजा. वायू, उडणारे, तरंगणारे, विरघळणारे, बुडणारे हे पाच मूळ प्रकार, आणि त्यांची सरमिसळ धरून एकूण बारा गट होतात.

हा तक्ता किती उपयोगाचा, ते २००० साली इंग्लिश खाडीत दिसलं. ‘इएवोली सन’ नावाचं इटालियन रसायनवाहू जहाज ३१ ऑक्टोबरला बुडालं. त्यात सुमारे ४,००० टन स्टायरिन (प्लास्टिक बनवायला लागणारा द्रव), आणि मिथाइल इथाइल कीटोन व आयसोप्रोपिल अल्कोहोल ही द्रावकं प्रत्येकी सुमारे १,००० टन. फ्रान्सने तिघांना एकच न्याय लावला नाही. स्टायरिन विषारी, जवळजवळ न विरघळणारं आणि पृष्ठभागावर येणारं, म्हणून सुमारे ७० मीटर खोलीवरच्या टाक्यांतून जे उरलं होतं ते पंपाने वर काढलं. बाकीची दोन पाण्यात सहज मिसळून विरळ होणारी. ती नियंत्रण ठेवून हळूहळू समुद्रातच सोडली. न काढण्याचा निर्णयसुद्धा मोजमाप करून घेतलेला होता.

एक गोष्ट मात्र आपण लक्षात ठेवायला हवी. तो तक्ता २० अंश सेल्सिअसला धरून आहे. मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आसपास असतं, आणि दहा अंशांच्या या फरकाने स्टायरिनचा बाष्पदाब दीडपटीहून अधिक होतो. तक्त्यात सीमेवर असलेला ‘तरंगणारा’ पदार्थ इथे ‘उडणारा’ही ठरू शकतो, आणि मग बचावपथकाने वाऱ्याच्या कोणत्या बाजूने जायचं हेही बदलतं.

कार्बाइडची तऱ्हा याहून वेगळी, कारण ते पाण्याशी रासायनिक क्रियाच करतं. आंबे पिकवायला बेकायदा वापरतात ती हीच पुडी. पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू आणि चुन्याची निवळी तयार होते. शुद्ध कार्बाइडच्या एका किलोतून साधारण साडेतीनशे लिटर वायू सुटतो, आणि हवेत तो अडीच टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. गोळा करण्यासारखं काही उरतच नाही. ठिणगी दूर ठेवायची आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) तपासत राहायचा.

‘तेल खाणारे जिवाणू’ सोडले की समुद्र स्वच्छ, असे दावे अधूनमधून फिरतात. कार्बाइड किंवा नायट्रिक आम्लापुढे ते जिवाणू काहीही करू शकत नाहीत. तसंच, एक जहाज बुडालं म्हणून सगळ्या किनाऱ्याचे मासे विषारी झाले, हे सांगणारे निरोपही नमुने तपासल्याशिवाय पुढे ढकलू नयेत. त्यात कोळ्यांचं पोट मारलं जातं.

भारतात तेलगळतीसाठी १९९६ पासून राष्ट्रीय आकस्मिक योजना आहे आणि तिचा समन्वय तटरक्षक दलाकडे आहे. खुल्या समुद्रात दल, बंदराच्या हद्दीत बंदर, किनाऱ्यावर राज्य सरकार, अशी कामाची वाटणी ठरलेली आहे. रसायनांसाठीही हाच सांगाडा वापरता येईल, पण पहिलं पाऊल बदलावं लागेल: बोट पाठवण्याआधी मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, हाती हवी. कोणत्या कंटेनरात काय, किती, कशात बांधलेलं, हे पहिल्या तासाभरात रसायनतज्ज्ञाला कळलं पाहिजे. एल्साची यादी लोकांसमोर यायला अनेक दिवस लागले. त्यानंतर ९ जूनला केरळच्याच किनाऱ्याजवळ पेटलेलं ‘वान हाय ५०३’ हे मालवाहू जहाज कोलंबोहून न्हावा शेवाला निघालं होतं. त्याच्यावरही ज्वालाग्राही आणि विषारी माल होता.