मध्ययुगीन युरोपच्या संशोधनासाठी ऑनलाइन संदर्भसूची : पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेशाची पद्धत

मध्ययुगीन युरोपवर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात पहिल्यांदा ज्या संदर्भसूचीचे नाव ऐकू येते, ती म्हणजे ‘इंटरनॅशनल मिडीव्हल बिब्लिओग्राफी’. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९६७ साली सुरू झालेली ही सूची बेल्जियममधील ब्रेपोल्स ही प्रकाशनसंस्था वर्गणी घेऊन ऑनलाइन उपलब्ध करून देते. नियतकालिकांतील लेख आणि गौरवग्रंथांतील वा परिषदांच्या खंडांतील निबंध हा तिचा मुख्य विषय असून युरोप, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका हे तिचे क्षेत्र आहे. त्यामुळे यादव किंवा बहमनी काळावर काम करणाऱ्याने तिच्यासाठी खटपट करण्यात फारसा अर्थ नाही, कारण आपल्याकडचे ‘मध्ययुग’ तिच्या कक्षेत येत नाही.

हा प्रवेश सामान्यतः संस्थेच्या नावाने मिळतो. वर्गणीदार विद्यापीठाचा विद्यार्थी किंवा अध्यापक असणे हीच पात्रता, आणि आवारातील नेटवर्कवरून सूची उघडल्यास वेगळा अर्ज लागत नाही. घरून वापरायची असल्यास ग्रंथालयाकडे दूरस्थ प्रवेशाची मागणी करावी लागते. त्यासाठी चालू वर्षाचे ओळखपत्र, ग्रंथालयाचे सभासदत्व आणि विद्यापीठाचा ईमेल पत्ता हाताशी असावा. खासगी ईमेलवरून केलेली मागणी बहुधा परत येते.

आपल्या विद्यापीठाकडे वर्गणी नसेल, तर विभागप्रमुखांमार्फत ग्रंथपालांना लेखी विनंती करता येते. अर्जासोबत पीएचडी नोंदणीचे पत्र, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र आणि ही सूची किती जणांच्या उपयोगी पडेल याचा हिशेब जोडावा. ग्रंथालय समितीला या हिशेबातच खरे स्वारस्य असते. एकट्या संशोधकासाठी एवढी वर्गणी मंजूर होण्याची शक्यता कमी, म्हणून उत्तराची वाट पाहत बसू नये.

तोवर जर्मनीतील माइन्झच्या अकादमीची ‘रेगेस्टा इम्पेरी’ ही सूची वापरावी. तिच्यात वीस लाखांहून अधिक नोंदी आहेत, आणि ती पाहण्यासाठी वर्गणी, नोंदणी किंवा कागदपत्रे यांपैकी काहीच लागत नाही. मात्र शीर्षके मूळ भाषेत नोंदवलेली असल्याने शोध एकाच भाषेत घेऊन थांबू नये. फ्रँक सम्राट शार्लमेनविषयी शोधताना फ्रेंच-इंग्रजीतील ‘शार्लमेन’, जर्मनमधील ‘कार्ल डेर ग्रोसे’ आणि इटालियनमधील ‘कार्लोमान्यो’ ही तिन्ही रूपे त्या त्या भाषेच्या रोमन वर्णलेखनात टाकून पाहावीत. मध्ययुगीन स्त्रिया आणि लिंगभाव या विषयासाठी ‘फेमिनी’ ही सूचीही विनामूल्य आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोपपर्यंत जाणाऱ्यांनी टोरंटो विद्यापीठातील ‘इटर’ पाहावी. तिची कालमर्यादा १७०० पर्यंत असली, तरी तिच्या पूर्ण वापराला वर्गणी लागते.

सूचीत नोंद सापडली म्हणजे लेख हाती आला, असा अनेकांचा समज असतो. सूची फक्त लेखाचा पत्ता देते. प्रत्यक्ष लेखासाठी आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष व पृष्ठे ही माहिती नोंदीतून जशीच्या तशी उतरवावी. केवळ पृष्ठक्रमांक राहिल्यामुळे परत आलेला अर्ज मी स्वतः दुसऱ्यांदा भरला आहे, आणि त्यात तीन आठवडे गेले.

विद्यापीठ सोडताना दूरस्थ प्रवेश बहुधा बंद होतो, तेव्हा कामाच्या नोंदी त्याआधीच झोटेरोसारख्या संदर्भ-व्यवस्थापक सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्याव्यात.