यौ की ज्वा? तैवानचे दोन पातीचे पराठे

तैवानच्या रात्रबाजारात कांद्याच्या पातीचा पराठा मागितला, तर समोर दोन वेगळे पदार्थ येऊ शकतात. एक चपटा, खरपूस, बहुतेकदा तुकडे करून दिलेला. दुसरा पार चुरगळलेला, कागदी पिशवीत कोंबलेला. पहिला त्सोंग-यौ-बिंग, दुसरा त्सोंग-ज्वा-बिंग. त्सोंग म्हणजे कांद्याची पात. त्यातला ‘त्स’ आपल्या ‘चाक’मधल्या ‘च’च्या जवळचा. बिंग म्हणजे पोळी-पराठ्याच्या जातीचं काहीही. खरी खूण मधल्या अक्षरात आहे: यौ म्हणजे तेल, ज्वा म्हणजे पंज्यात धरणं.

दोन्हींची कणीक मैद्याचीच. घरी करायचं तर 300 ग्रॅम मैद्यात आधी 150 मिली उकळतं पाणी, मग 50 मिलीच्या आसपास गार पाणी घालून मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. गरम पाण्यामुळे मैद्याचा चिवटपणा कमी होतो. नुसत्या गार पाण्यात मळलं की लाटताना पोळी मागे आक्रसते. मग पातळ लाटून तेल, मीठ, चिरलेली पात पसरायची, गुंडाळी करायची, ती चकलीसारखी वळवायची, थोडी मुरू द्यायची आणि पुन्हा लाटायची. पात धुतल्यावर पूर्ण कोरडी करा आणि मीठ पातीत आधी मिसळू नका. तिला पाणी सुटतं, पोळी फाटते आणि तव्यावर तेल तडतडतं.

यौ-बिंग इथून पुढे शांतपणे दोन्ही बाजूंनी भाजला की झाला. ज्वा-बिंगची खरी कसरत मात्र तव्यावरच सुरू होते. त्यात तेल जास्त, थर जास्त आणि पातळ. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की विक्रेता दोन उलथन्यांनी त्याला कडेकडून आत ढकलतो, उचलतो, आपटतो. थर सुटून फुलतात. केरळी परोटा टाळ्या वाजवल्यासारखा दाबून मोकळा करतात, तोच प्रकार. घाई केली तर कच्चे थर एकमेकांना चिकटून गोळा होतो. आच मंद राहिली तर पराठा तेल पितो आणि कडक होतो.

मागवताना ‘ज्या दान’ म्हटलं की अंडं घालतात. नको असेल तर ‘बू ज्या दान’. ज्वा-बिंगमध्ये चीज, हॅम, मका आणि बेझिलची पानं असे पर्यायही असतात. हे बेझिल म्हणजे आपल्या सब्जाच्याच झाडाचं भावंड, अंड्यासोबत जरूर घ्या. ‘बू याओ ला’ म्हणजे तिखट नको, पण मराठी जिभेला त्याची गरज पडेल असं वाटत नाही.

शाकाहारी लोकांची फसगत इथेच होते. पीठ-पात-मीठ दिसतं, पण काही ठिकाणी तेलाऐवजी डुकराची चरबी वापरतात, आणि हॅमचा तवाही तोच असतो. म्हणून ‘यौ जू-यौ मा?’, म्हणजे डुकराची चरबी आहे का, हे विचारूनच घ्या. दुसरी गंमत अशी, की कडक बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण, पात वर्ज्य असल्याने तशा शुद्ध शाकाहारी दुकानांत हे दोन्ही पदार्थ शोधून उपयोग नाही. आणि भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेला, तिळाचा गोल ‘हूज्याओ-बिंग’ दिसला तर त्यात पातीबरोबर डुकराचं मांस असतं.

पात चाखायची असेल तर यीलानला जा: तिथल्या सान्शिंग गावची पात लांब पांढऱ्या दांड्याची आणि गोडसर, म्हणून तिथे यौ-बिंग घ्यावा. ह्वालिएनचा ‘बॉम्ब’ यौ-बिंग तेलात तळलेला असतो आणि आत अंड्याचा पातळ बलक असतो; पहिला घास जपून. ज्वा-बिंगसाठी तैपेईचा योंगकांग रस्ता सोयीचा, तोंगमेन मेट्रो स्थानकाला लागूनच. ठेल्यावर सुटे पैसे, शंभराच्या नोटा ठेवा. ज्वा-बिंग पिशवीतल्या वाफेने काही मिनिटांतच मऊ पडतो, म्हणून तिथेच उभ्याने संपवा. मेट्रोत नेऊन खाल्ला तर 1,500 ते 7,500 तैवान डॉलर दंड होऊ शकतो. रस्त्यावर कचरापेट्या कमी असतात, रिकामी पिशवी ठेल्यावरच परत द्या.